राखेतला पाय

लोमेश कापगतेनं काही चोरलं नाही,
हे आधीच लिहून ठेवते,
कारण पंचनाम्यात ते शेवटून दुसऱ्या ओळीत आहे
आणि तिथपर्यंत कोणी वाचत नाही.

रात्री एक वाजून बारा मिनिटांनी
ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरात कोणीतरी शिरलं.
खोलीचं कुलूप शाबूत. मी घरी, मच्छरदाणीत.
सकाळी एक नवी फाईल, तिच्यात एकच ओळ:
'ताई, दार उघडंच आहे. बदलून घ्या.'
खाली स्वतःचं नाव, येड्या पोट्ट्यानं.
घरकुलाची यादी जशीच्या तशी.
त्याच्या मायचं नाव एकसष्टावं होतं,
एकसष्टावंच राहिलं.

चौकशीला निम्मं गाव.
टेकराम म्हणाले, बक्षीस द्या पोट्ट्याले,
उद्या एखादा चोट्टा शिरला असता तं?
फागोजी म्हणाले, माही म्हैस
तुमच्या बांधीत गेली होती पोळ्याच्या आदल्या दिवशी,
लोंबीले तोंड नाही लावलं तिनं,
तरी कोंडवाड्यात होती न बापा दोन दिवस,
पावती आहे माह्यापाशी.
आणि खरंच बंडीच्या खिशातून पावती काढली.
सगळे हसले.

मोह गळायच्या दिवसांत
आम्ही झाडाखालचा पाचोळा जाळतो,
काळ्या राखेवर फुलं नीट दिसावीत म्हणून.
एका पहाटे टोपली घेऊन गेलो
तर राखेत कोणाचा तरी अनवाणी पाय.
फुलं मोजलेली नव्हती, पण कमी नव्हती, कळतं ते.
तरी त्या दिवशी माय वेचता वेचता
सारखी मागं वळून पाहत होती.
याचा दंड कोणत्या रकान्यात लिहायचा?

साहेबांनी विचारलं, पासवर्ड कळला कसा?
'ताईची बोटं पाहून. दाखल्यासाठी
चार दिवस बाकावर बसून होतो.'
(चार दिवस. तेही पंचनाम्यात नाही.)
'काय होता? सांग सगळ्यांसमोर.'

ते एक नाव होतं.
नवऱ्याचं नाही, लेकराचं नाही, देवाचं नाही.
एकोणीस वर्षांत जे तोंडातून निघालं नाही
ते रोज सकाळी दहाला मी बोटांनी म्हणत होते.
पडद्यावर नुसते ठिपके.
मला वाटायचं, ठिपके कोण वाचतं?

लोमेशनं माझ्याकडे पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर तेवढ्यानंच गावाला कळलं असतं.
पेपरवेटकडे पाहत म्हणाला,
'विसरलो, साहेब.'
'दोन दिवसांत?'
'विसरलो.'
साहेबांनी तो उद्धटपणा धरला.
पाचशे रुपये, सहा महिने कचेरीत पाय ठेवायचा नाही,
वरून कॉलेजला पत्र.
पावती मीच फाडली. पत्र मीच टाईप केलं.

मला त्याचा राग आहे.
ते नाव त्यानं स्वतःच्या बोटांनी लिहिलं,
मध्यरात्री, कदाचित फुटाणे खात खात.
आणि त्यानं ते गिळलं, पाचशे रुपये भरून,
म्हणून त्याच्यासमोर मान वर होत नाही.
दोन्ही एका पावतीवर मावत नाहीत.

आता नवा पासवर्ड आहे, तालुक्याहून आलेला,
आकडे आणि चिन्हं, कोणाचाच नसलेला.
पहिल्या खेपेला मी रोज चुकते.
लोमेश अर्ज खिडकीतून देतो
आणि मी खुर्चीत बसले की
कालव्याकडे तोंड करून उभा राहतो.

ते पत्र अजून गेलेलं नाही.
जावक वहीत त्याच्यापुरती एक ओळ कोरी सोडून
मी पुढचे नंबर टाकत जाते.
त्यानं कोणाचं काही बिघडत नाही.